बावखलाची माहिती

खाडीकडच्या आमच्या वाडीत एक बावखल होतं. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, बावखल म्हणजे बागेत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. ते भरलेलं असेपर्यंत आसपासच्या विहिरींत खारं पाणी शिरत नाही. आमचं पाच घरांच्या नावावर होतं. मे महिन्यात पाचही घरची माणसं चिखलात उतरून गाळ काढायची आणि तो आपापल्या केळींना घालायची. पुढे मी शहरात, एव्हरशाईनच्या वसाहतीत फ्लॅट घेतला, इतरांची मुलं नोकऱ्यांना लागली. गाळ काढायचं काम सरकारी योजनेत जाणार असं कळल्यावर आम्ही सगळ्यांनी संमतीच्या सह्या केल्या. एक कटकट गेली, एवढंच वाटलं.

वाडी कसणारा उरला तो माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. केळी, मोगरा, थोडी भाजी, सगळं एका विहिरीवर.

गाळ काढायला कोणी आलंच नाही. आले ते डंपर. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा बावखलात पडू लागला. दादा आडवा गेला, तेव्हा योजनेच्या ठेकेदाराने त्याला मोबाईलवर कसलासा कागद दाखवला आणि "काठ मजबूत करतोय" म्हणाला. दादाने मला फोन केला.

"विहिरीचं पानी मचूळ लागतंय. तू शिकलेला, बघ काय ते."

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मुदत उलटली, मग पहिलं अपील केलं, तेव्हा कुठे कागद मिळाले. कायद्याला मी नावं ठेवत नाही. त्याने सगळं दाखवलं. गाळ काढल्याचं बिल पूर्ण चुकतं झालं होतं. सोबत स्वच्छ तळ्याचा फोटो होता, दगडी पायऱ्यांसकट. आमच्या बावखलाला पायऱ्या कधीच नव्हत्या.

आता सापडले, असं मला वाटलं. तक्रार करायची तर नुसतं "बुजवलं" लिहून माझं समाधान होत नाही. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं. टेप घेऊन दादाबरोबर काठाकाठाने फिरलो. अकरा गुंठ्यांपैकी सात बुजले होते, उरलेल्यात पाणी गुडघ्याखाली.

"सात काय नि साडेसहा काय," दादा म्हणाला. "एवढं बारीक कोन वाचतो?"

"वाचतात. आकडा चुकला की त्यावरच तक्रार निकालात काढतात."

खरंच वाचलं. चौकशीचं उत्तर आलं: अर्जदाराने स्वतः सादर केलेल्या मोजमापानुसार जागेवर जलसाठा म्हणावा असा उरलेला नाही, सबब त्याच्या संरक्षणाचा प्रश्न उद्भवत नाही. बिलाबद्दल एक ओळ नव्हती. मी कार्यालयात गेलो. साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला गोड.

"न काढलेल्या गाळाचे पैसे गेलेत, साहेब."

"काका, तुम्ही माहिती मागितली होती. मिळाली ना? पानं कमी आहेत का?"

"पानं बरोबर आहेत."

"मग? कारवाईचं खातं वेगळं. बसा, चहा घ्या."

पूर्वी कागद मिळत नसत, तेव्हा खाणाऱ्याला निदान लपवायची धास्ती होती. आता फाइल उघडी असते. चोरी सगळ्यांना दिसते, आणि एकदा दिसली की सगळ्यांचंच काम संपतं. माझंही तिथे संपायला हवं होतं. मी चौकशीच्या त्या उत्तराविरुद्ध वरच्या कार्यालयात अपील केलं. त्याची तारीख अजून लागलेली नाही.

दरम्यान विहीर खारी झाली. दादाने मोगरा उपटला. आणि त्याच ठेकेदाराने बावखलाची जागा विकत मागितली. चार घरं तयार झाली, दादासुद्धा. माझी सही तेवढी राहिली.

"चोरालाच विकायचं, दादा?"

"चोर आहे, कबूल. पन दुसरा कोन घेनार राडारोडा? पानी गेलं, आता जमिनीचे तरी येऊ देत. तू एव्हरशाईनला नळाचं पितोस. मी टँकर मागवतो."

"जागा त्याच्या नावावर गेली तर अपिलात काय उरेल?"

वहिनी भाजी निवडत होत्या. मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ते अपील केळींना घालू का? बघा, धरतात का."

मी सही केलेली नाही. तेव्हापासून दादा माझा फोन घेत नाही. वाडीत सांगतो, अडवणारा घरातलाच आहे. परवा न सांगता गेलो, तर ओटीवर ठेकेदार बसला होता, हातात आमच्या घरचा कप. त्याने सरकून मला जागा करून दिली.

"या काका," तो म्हणाला, "सगळे तुमच्यासाठीच थांबलेत."

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही.