तपासणीचा अर्ज

तो अर्ज माझ्या हातचा. कुणी सांगितलं होतं मला शहाणपण करायला? पण बालवाडीची बाई म्हणून गावात लिहिण्या-वाचण्याच्या कामाला मीच पुढे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावातले पुरुष रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर जायचे आणि निम्मे कामावरच ढोसायचे. बायका पार पिचल्या होत्या. कंपनीने गेटवर दारूची तपासणी करावी, असा अर्ज आम्ही द्यायचं ठरवलं. पुरुष खवळले. ‘‘आमची तोंडं हुंगणार? आमी काय चोर हाव?’’ माझा नवरा तेवढा शांत. निरूपणाच्या बैठकीला जाणारा माणूस, थेंबाला शिवला नव्हता. ‘‘लिव गो, माझं काय जातंय,’’ म्हणाला. मग तर मला चेवच आला. ‘शिफ्ट सुटतानाही तपासावे’ ही ओळ मी माझ्या मनाने घातली.

तपासणी सुरू झाली. वॉचमन तोंड हुंगायचा आणि खडूच्या रेघेवरून चालायला लावायचा. माझ्या नवऱ्याचं काम थिनरची रिकामी पिंपं आत वाकून पुसायचं. जाताना ठणठणीत, सुटताना डोळे लाल आणि पाय लटपटत. पंधरा दिवसांत तीनदा रेघेबाहेर गेला, आणि रेघ चुकली की प्यायलेला, असा तिथला हिशेब. त्याच महिन्यात त्याला कायम करणार होते. त्याऐवजी गेटपास काढून घेतला.

मी साहेबाकडे गेले. ‘‘अहो, दारू नाय ती! तुमच्याच थिनरचा वास डोक्यात जातोय. रक्त तपासा ना त्यांचं!’’

साहेबाने अर्ज पुढे सरकवला. ‘‘बाई, सही तुमचीच ना? रक्ताचं यात कुठं लिहिलंय?’’

संताप संताप झाला जिवाचा. पण आपलेच दात, आपलेच ओठ.

गावातल्या बायकांना म्हटलं, चला, सगळ्या मिळून सांगू. एकीनेही पाय उचलला नाही. त्यांचे नवरे आता धड घरी येत होते. ‘‘तपासनीच बंद केली तर गो?’’ शेजारीण म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

नवरा मिठागरावर जायला लागला. सहा महिने थिनरचा वास नाही, तरी पायांचं लटपटणं थांबेना. एकदा भर दुपारी, डोक्यावर मिठाची पाटी असताना, बांधावरून कोसळला. ओरडा ऐकून गावातून आम्ही तिघीचौघी धावलो. त्याला उचलायला वाकलेल्या शेजारणीने आधी त्याचं तोंड हुंगलं.