डाव्या हाताचा ब्रेक

मिस्त्रींना सायकलीचं वेड आहे असं सगळी गल्ली समजायची आणि त्यावर मिस्त्री चिडायचे. डॉक्टरला काय तापाचं वेड असतं का, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. स्वतः त्यांनी उभ्या जन्मात सायकल चालवली ती गरजेपुरतीच. त्यांचा जीव होता तो ब्रेकवर. गिऱ्हाईक गियरबद्दल बोलायला लागलं की ते जांभई द्यायचे, आणि ब्रेकचं नाव निघालं की चष्मा पुसायला घ्यायचे. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे टायरांच्या ढिगाला लागून एक खाट. दुपारी जेवण झालं की शटर अर्ध्यावर ओढून मिस्त्री त्या खाटेवर आडवे व्हायचे. त्या वेळेला राजा जरी पंक्चर घेऊन आला असता, तरी त्याला बाहेर ताटकळावं लागलं असतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर, हुकाला, त्यांच्या मुलाची डोंगरावरची सायकल टांगलेली होती. मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. डोंगरावर नव्हे, घरातच, चार दिवसांच्या तापात. ब्रेक निकामी झाला असता तर निदान उघडून बघता आलं असतं, हे मिस्त्रींचं दुखणं होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा डावखुरा. इथे सगळ्यांच्या सायकलींना पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला असतो. या पठ्ठ्याने तो डाव्या हाताला करून घेतलेला. मित्र त्याला ‘उलट्या’ म्हणायचे. त्याची सायकल मागून नेणारा पहिल्याच उतारावर मागचा ब्रेक समजून डावी लिव्हर दाबायचा, पुढचं चाक जागच्या जागी थांबायचं आणि मित्र पुढे निघून जायचा, सायकलीशिवाय. एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा मिस्त्रींनी घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगा आपला हसत होता.

ती सायकल मागायला पुतणी आली. धाकट्या भावाची मुलगी, नोकरीला लागलेली, बोलायला फटकळ. मुलाच्या जुन्या टोळक्याबरोबर येत्या रविवारी तिला खाणीचा उतार उतरायचा होता. डोंगराच्या पाठीवरून जुन्या दगडखाणीत घुसणारी ती वाट म्हणजे सगळा मुरूम आणि वळणं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मिस्त्री नाही म्हणायला तोंड उघडणार एवढ्यात त्यांची बायको, गल्लीच्या काकू, पडद्यामागून आल्या, स्टुलावर चढल्या आणि त्यांनी स्वतःच सायकल हुकावरून काढली. “धूळ खात पडलीय नुसती,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

सायकल उत्तम होती, पण ब्रेक मेले होते. आतली रबरं वाळून तेल झिरपलेलं. नवीन घ्यायलाच हवे होते, आणि इथे मिस्त्री बऱ्याच दिवसांनी रंगात आले. पुतणीचं म्हणणं, साधे तारेचे डिस्क ब्रेक बसवा, बिघडले तर वाटेत दुरुस्त तरी होतात. मिस्त्री म्हणाले, तार खेचायला जोर लागतो, लांबच्या उतारावर उतार संपायच्या आधी बोटं संपतात. हायड्रॉलिकच हवा. त्यात तार नसते, नळीतलं तेलच जोर पोचवतं आणि एका बोटावर चाक थांबतं. मग तिने मोबाइलवर एक लाललाल भपकेबाज जोडी दाखवली. तिच्यात कुठलं तेल लागतं ते वाचून मिस्त्रींनी नाक मुरडलं. ते तेल हवेतला ओलावा पितं, आणि थेंब सांडला तर रंगसुद्धा खातं. आपल्याला मिनरल ऑइलवालाच बरा, गरीब स्वभावाचा. पुढे चार पिस्टनचा, कारण उतारावर सगळा भार पुढे येतो. डिस्कही पुढची मोठी, मागची जरा लहान. यादी ऐकून पुतणी म्हणाली, काका, नाकापेक्षा मोती जड होतोय. मिस्त्री म्हणाले, नाक कुणाचं आहे ते मला माहीत आहे.

ब्रेक आले, बसले. पुढचा उजव्या हाताला, मागचा डाव्या हाताला, पुतणीच्या सवयीप्रमाणे. तेल भरलं, हवा काढली. शेवटी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मिस्त्रींनी दोन्ही लिव्हरी हँडलला आवळून बांधल्या. नळीत राहिलेले चुकार बुडबुडे अशाने वर येतात, ही त्यांची पद्धत. ते होईपर्यंत सायकलीला कुणी बोट लावायचं नाही, हा त्यांचा कायदा. मग जेवले आणि खाटेवर पडले.

उठून बघतात तर पट्ट्या जशाच्या तशा बांधलेल्या, पण लिव्हरींची अदलाबदल झालेली. पुढचा ब्रेक डाव्या हाताला.

आपणच चुकलो, असं मिस्त्रींनी स्वतःला समजावलं. या सायकलीवर इतकी वर्षं उलटं काम केलं, हातांना वळण पडलंय. वय झालं, दुसरं काय. त्यांनी ग्रिप उतरवली, स्क्रू सैल केले, लिव्हरी आपापल्या जागी आणल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले तर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी शटर पूर्ण ओढून आतून कुलूप घातलं, किल्ली उशीखाली ठेवली. उठले तेव्हा किल्ली उशीखालीच होती आणि पुढचा ब्रेक डावीकडे होता. शिवाय लिव्हर नेहमीपेक्षा जरा वर उचलून बसवलेली. मुलाची बोटं लांब होती, त्याला ती तशीच लागायची. पुतणीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. गल्लीत कुणालाच नव्हती.

मिस्त्री भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. पण त्या दुपारी बंद शटरच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्यांनी सायकलीकडे पाठ करायचं धाडस केलं नाही. भिंतीला टेकून उभे राहिले. अंगावर काटा आला होता आणि दुकान रोजच्यासारखंच दिसत होतं, हे जास्त वाईट होतं. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. रविवारी सकाळी ही चूक नजरेतून निसटली, तर खाणीच्या वळणावर पोरगी डावी लिव्हर सवयीने दाबणार. आणि ब्रेक असा निवडलेला की एका बोटावर चाक थांबेल. जितका चांगला ब्रेक आणला, तितका तो तिच्या जिवावर उठणार होता. घरात हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. काकूंना आधीच झोप लागत नव्हती.

शनिवारी पुतणी सायकल न्यायला येणार होती, म्हणून शटर अर्धं उघडं होतं. मिस्त्रींनी लिव्हरी पुन्हा सरळ केल्या, खुर्ची सायकलीसमोर ओढली आणि आज डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवलं. पुढचं त्यांना आठवतं ते एवढंच, की खांद्यावर कुणाचा तरी हात होता. ते उभे होते. हातात स्क्रू फिरवायची एलन की होती. बोटांना तेल लागलं होतं. समोर पुढचा ब्रेक डावीकडे सरकलेला, आणि शेजारी पुतणी, चेहरा पांढराफटक.

“काका, तुम्हीच केलंत,” ती म्हणाली. “मी केव्हाची इथे उभी आहे. तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही बोलत होतात.”

“कुणाशी?”

तिने सायकलीच्या पलीकडे बघितलं. तिथे टायर होते, दुसरं काही नव्हतं.

“मध्येच थांबत होतात,” ती हळू म्हणाली. “समोरचा बोलला की आपण थांबतो तसे. मग पुढे बोलायचात. एकदा हसलातसुद्धा.”

मिस्त्री खाली बसले. दोन वर्षांत आपण हसलेलो नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज दुपारी तो येत होता, किंवा ते त्याच्याकडे जात होते, आणि त्यातलं अक्षरही आपल्या वाट्याला उरत नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की भीती मागेच पडली. तो काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं. पुतणी म्हणाली, मला ऐकू आलं नाही काका, मला तुमच्या एकट्याचाच आवाज येत होता.

मग मिस्त्रींनी आजवर कधीही न केलेली गोष्ट केली. एलन की पुतणीच्या हातात दिली. आपल्या दुकानात आपल्या ब्रेकला दुसऱ्याचा हात त्यांनी कधी लागू दिला नव्हता. ती अदलाबदल करत असताना ते खाटेवर, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसले होते आणि कुठला स्क्रू किती आवळायचा ते तोंडाने सांगत होते. काम झाल्यावर म्हणाले, ही आत्ताच्या आत्ता तुझ्या घरी ने. इथे परत आणू नकोस. दुरुस्तीलासुद्धा नाही.

“तुम्हाला आणखी एखादी दुपार हवी असेल तर,” पुतणी म्हणाली, “मी रविवारचं रद्द करते.”

मिस्त्रींना ती दुपार हवी होती. जिवापाड हवी होती. त्यांनी शटर स्वतःच्या हाताने वर ढकललं आणि रस्त्याकडे बोट दाखवलं.

रविवारी ते खाणीच्या तळाशी जाऊन उभे राहिले. टोळकं एकेक करून उतरलं आणि सगळ्यांच्या शेवटी पुतणी धुळीने माखून आली, त्यांच्या पुढ्यात सावकाश थांबली. ब्रेकने चकार शब्द काढला नाही. तिला धडधाकट बघून मिस्त्री तिथेच एका दगडावर बसले.

सोमवारी दुपारी ते मुद्दाम लवकर जेवले, लवकर पडले. गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा ते खाटेवरच होते आणि दुकानातली एकही वस्तू हललेली नव्हती. त्यांनी हात नाकाशी नेऊन हुंगले. साबणाचा वास येत होता. तेव्हा मिस्त्री रडले, मुलगा गेला तेव्हा रडले नव्हते असे, मोठ्याने.

काकू पडदा सारून बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी खाटेवर टेकल्या. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं नाही.

“आज बोलला नाहीत,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान वर केली. काकूंना माहीत होतं तर. रोज दुपारी त्या पडद्यापलीकडे पाटावर बसून ऐकत होत्या, शेगडी विझवून, भांड्याचा आवाजही न करता. ब्रेकचं आपल्याला काय कळतं, त्यात कुणाच्या जिवाला धोका आहे हे काल पोरीने सांगितलं, आधी ठाऊक असतं तर कधीच उठवलं असतं, असं त्या सांगत राहिल्या.

“पोरगी म्हणते, माझ्या एकट्याचाच आवाज येत होता,” मिस्त्री म्हणाले.

काकूंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

“मला दोघांचा यायचा,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर तुम्हाला उठवत नव्हते.”