बल्गेरियाचे बापलेक

चार नाणेवेडे एकत्र बसले की नाणी जमतात थोडी, किस्से जमतात पोतंभर. नाणी निदान कपाटात कोंडता तरी येतात!

नारायण पेठेत दर रविवारी आमचं मंडळ बसायचं. बाकी सगळे शिकलेले. मी तिसरी पास, चांदी गाळण्यात जन्म गेलेला. एकदा मोडीत एक नाणं आलं. दोन उभी माणसं, मधे एक झेंडा. मी ते भट्टीत जाऊ दिलं नाही.

*

आमचे अध्यक्ष परचुरेसर, रिटायर्ड प्रोफेसर. भिंग न लावताच म्हणाले, "रामटंका! देवघरात पुजायचं नाणं. हे राम-लक्ष्मण."

मी विचारलं, "सर, धनुष्य कुठाय?"

"झिजलं असेल."

"आणि हे पायघोळ झगे? ते कुणी शिवले?"

*

हिंजवडीच्या कंपनीतला मंदार आमचा मेंबर. त्यानं इंटरनेटवरून प्रिंटआउट आणला. "काका, हा बल्गेरियाचा राजा इव्हान अलेक्झांडर, शेजारी मुलगा मिखाईल. साडेसहाशे वर्षांपूर्वीचं!"

सर म्हणाले, "इंटरनेटवर काहीही असतं."

मी म्हटलं, "झगे तरी आहेत!"

*

मग मंदारनं पुढचं सांगितलं. मिखाईल बापाआधीच गेला, मग राजानं उरलेल्या दोन मुलांत राज्य वाटलं. स्रात्सिमिर विदिनला, शिश्मान टर्नोवोला. दोघांनी आपापली नाणी पाडली.

सदाशिव पेठेतले जोशी मिठाईवाले. सख्ख्या भावाचं त्याच नावाचं दुकान समोरच! ते गंभीरपणे म्हणाले, "मग 'आमची कोठेही शाखा नाही' हे कुणी छापलं?"

मंदार म्हणाला, "छापायला वेळच मिळाला नाही. तुर्क आले, दोन्ही दुकानं बंद!"

*

मंडळाचं प्रदर्शन ठरलं. सरांना आता बल्गेरिया पटला होता. कार्ड छापून आलं: 'अत्यंत दुर्मिळ. शोध: प्रा. परचुरे.'

मी म्हटलं, "शोध माझा. माझं नाव घाला."

"अहो, तुमच्या नावापुढे लिहायचं काय?"

"तिसरी पास लिहा."

"हे कार्ड मान्य नसेल, तर नाणं घरी न्या!"

*

घरी कशाला नेऊ? प्रदर्शनाच्या सकाळी काचपेटीतून नाणं काढलं आणि हॉलच्या पायरीवर तळहातावर घेऊन बसलो. आत राहिलं नुसतं कार्ड. लोक रिकामी मखमल बघायचे, चौकशी करायचे, बाहेर यायचे. अकरापर्यंत रांग कोपऱ्यावर गेली. मी प्रत्येकाला सांगत होतो, "हा राजा, हा युवराज. आणि हे मला मोडीत सापडलं. मला!"

इतक्यात सर प्रमुख पाहुण्यांना घेऊन थेट पायरीशी आले. "हं, दाखवा बरं यांना."

मी मूठ मिटली. "रांग तिकडून आहे."

पाहुणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे सर.