जवळीक वाढवण्याची ड्यूटी

फुलचूर गावाच्या पलीकडे एका राईस मिलमध्ये मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे काय, तर मालक नसताना ओरडायचं आणि मालक असताना ऐकून घ्यायचं. दोन हजार सहा-सातच्या सुमारास कुणकुण लागली की आमच्या रेजा, म्हणजे रोजीवर येणाऱ्या बाया, युनियन आणणार आहेत. मालकाची झोप उडाली. तो नागपूरला जाऊन एका हॉटेलात दिवसभराचं ट्रेनिंग घेऊन आला. टाय लावलेल्या कुण्या सद्गृहस्थानं त्याला पटवलं होतं की कामगारांना घरच्यासारखं वागवा, मग युनियन येतच नाही. मालकाचं सख्ख्या भावाशी कोर्टात सुरू होतं, त्यामुळे घरच्यासारखं म्हणजे नेमकं कसं, हे मी विचारलं नाही.

"आज से रोज एक घंटा उनके साथ रहना," मालक म्हणाला. "घर कसं आहे, पोरं कशी आहेत, विचारायचं. और पता करो, युनियन के पीछे कौन है."

दुसऱ्या दिवशी मी धान वाळवायच्या अंगणाच्या कडेला बूट घालून उभा राहिलो आणि विचारलं, "काय बायांनो, बरं आहे ना घरी सगळं?" पंधरा बाया जागच्या जागी थांबल्या. त्यांना वाटलं, मिल बंद होऊन राहिली. एकीनं उलट मलाच विचारलं, "साहेब, तुमची तब्येत बरी हाये ना?"

आमचं काम उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं. उकडलेलं धान सिमेंटच्या अंगणात पसरायचं आणि बायांनी त्यातून अनवाणी पाय घासत चालायचं, म्हणजे ते उलटतं आणि सारखं वाळतं. दिवसभर, उन्हात. अंगणाला छप्पर नाही, बायांना संडास नाही. त्यांच्यात पन्नाशीची एक बाई होती, सगळ्या तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ती म्हणाली, "गोठी कराच्या असन त जोडे काढ अन् चाल आमच्यासंगं. आमाले उभं रायाले टाइम नाई."

काढले जोडे. चार फेऱ्यांत तळपायांची सालटी निघाली आणि बाया हसून हसून बेजार. मालकाला मी मनात दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण ड्यूटी होती, रोज गेलो. पंधरवड्यात पाय निबर झाले आणि बुवा, मला ते चक्क आवडायला लागलं. शेजारी शेजारी चालताना कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे माणूस बोलतो. कोणाचा नवरा पिऊन पडतो, कोणाची पोरगी बारावीत पहिली आली, सगळं कळू लागलं. मावशी तिच्या डब्यातली अंबाडीची भाजी माझ्या पोळीवर टाकायची आणि विचारायची, "तुया बायकोले मीठ टाकता येत नाई का रे?"

असंच एकदा चालता चालता ती म्हणाली, "युनियनच्या हापिसात मीच जाऊन आली. छप्पर पायजे अन् संडास पायजे. बस."

मालकानं चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी तिचं नाव सांगून टाकलं. मनाची समजूत काढली की मालक आता ट्रेनिंग झालेला माणूस आहे, बोलावून दोन शब्द बोलेल. खरं म्हणजे माझी फाटली होती. नोकरी गेली असती तर दुसरी कुठं मिळणार होती?

रोजीच्या माणसाला काढावं लागत नाही, उद्यापासून काम नाही एवढं म्हटलं की झालं. सकाळी चौकीदारानं ते फाटकावर मावशीला सांगितलं. ती बाहेर बाभळीखाली जाऊन बसली. कामं टाकून एकेक करत सगळ्या बाया तिच्याजवळ जाऊन बसल्या.

आत अंगणभर ओलं धान. ऊन चढत होतं. उलटलं नाही तर वरचं तडकतं, खालचं आंबतं आणि हाती नुसती कणी येते. मालक इकडून तिकडे पळत होता. मग त्याला मी दिसलो. "अरे, तेरे को तो आता है! उतर जल्दी."

येत होतंच. सगळ्या मिलमध्ये बायांशिवाय ते काम येणारा मी एकटा. जोडे काढून धानात पाय टाकला आणि दुसरा पाय उचलवेना. लाज वाटली, दुसरं काही नाही. "नही होगा, सेठजी," म्हणालो आणि तिथंच कडेला बसून राहिलो. आता माझीही नोकरी गेली, असं समजूनच बसलो होतो.

मालकानं मला जे काय म्हणायचं ते म्हटलं, आणि शेवटी स्वतः फाटकावर गेला. ट्रेनिंगमधलं एकही वाक्य त्याला आठवलं नसावं, कारण त्यानं सरळ हात जोडले. छप्पर करतो, संडास करतो, आत चला. मावशीनं ते सगळ्यांसमोर त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, मगच उठली.

बाया धावतच अंगणात उतरल्या. मीही उतरलो आणि तिच्या शेजारची ओळ धरली. दुसऱ्या फेरीला म्हणालो, "मावशी, नाव मीच सांगितलं."

ती चालतच होती.

"मालूम हाये," ती म्हणाली. "तुयाशिवाय म्या कोनाले सांगतलंच नोतं."