नळाला लावलेली मोटर

"ओटी काय म्हणतेय?" डॉक्टर मॅडमनी फोनवर विचारलं.

"पिवळी आहे, मॅडम. गावाच्या टाकीत क्लोरीन भरपूर आहे."

ओटी म्हणजे पाण्यात थेंब टाकून करायची तपासणी. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, प्यायला हरकत नाही. मी आरोग्य सहायक. आयुष्यभर हेच करत आलोय, टाकीच्या चावीवर.

पण टाकीच्या खालच्या अंगाला, कुवेतहून परतलेल्या अब्बासचाचांच्या भाड्याच्या खोल्यांत कावीळ पसरली होती. मासळी कंपनीत कोळंबी सोलणाऱ्या झारखंडच्या बाया तिथे दाटीवाटीने राहतात. त्यांतली फुलमणी गरोदर, डोळे हळदीसारखे. घाण पाण्यातून होणारी ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते. तिला आधी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

ट्रेनिंगला इंग्लंडमधल्या जुन्या गिरणगावांचा धडा होता. तळघरांत कोंबलेले कामगार, संडासाला खेटून पाण्याचा पंप, मग कॉलरा. गोऱ्यांची जुनी गोष्ट म्हणून आम्ही जांभया देत ऐकली होती.

चाचांच्या नळावर ओटी केली. रंगच येईना.

"चाचा, तुमची लाइन कुठून येते?"

"गटारातनं. सगल्यांचीच तशी येते. पन पानी हाय कुठं? वर तुमची मोटर लागली का माजा नल हवा खातो. कुवेतच्या वालवंटात याच्यापेक्षा जास्त पानी होतं, साहेब!"

आमच्याकडे पाणी थोडाच वेळ सुटतं, म्हणून लोक थेट लाइनला मोटर जोडतात. मोटर इतकी ओढते की पाइपच्या फुटक्या सांध्यातून गटारही आत येतं. ग्रामसभेत हे मीच समजावून सांगतो. आणि माझ्या घरी मोटर होती.

गटाराशी उकिडवा बसलो. बायकोला फोन केला. "मोटर लाव."

"आत्ताच तर घरची टाकी भरली!"

"लाव गं."

सांध्यापाशी काळं पाणी गरगरलं आणि आत गेलं. मोटर बंद करायला सांगितली. थोड्या वेळाने चाचांचा नळ वाहू लागला. वास आला.

मॅडमना कळवलं.

"कोणाची मोटर?"

"माझी."

"मग आधी तुमचीच काढा. बाकीच्यांच्या काढायला तोंड राहील."

काढली. मग आळीतल्या सगळ्यांच्या काढायला लावल्या. लाइन गटारातून वर उचलून घेतली. नवीन पेशंट येणं थांबलं. हे काम मी चोख केलं, तेही सांगतो.

फुलमणी वाचली. बाळ गेलं. ती पुन्हा कोळंबी सोलायला जाते, माझ्या दारावरून. 'नमस्ते साहब' म्हणते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हा आरोग्य सहायकांसाठी हे लिहून झालं की तिच्याकडेच जाणार आहे.

ओटी टाकीवर करून थांबू नका. शेवटच्या नळावर करा. आणि टाकी नि त्या नळाच्या मध्ये कोण राहतं, तेही बघा. तिथे मी राहत होतो.