हिरवी गाडी आणि ठोकेकाका

ठोकेकाका आमच्याकडे आले की आधी माठ वाजवून बघत. खिशात बोटभर लांबीची एक हातोडी असे. तिने माठाला दोन बाजूंनी ठक ठक करायचं, कान तिरका करून ऐकायचं आणि मगच पाणी मागायचं. एकदा मी नवा माठ आणला होता. तो वाजवून ते म्हणाले, "फसवल्यान तुका कुंभारान." आठ दिवसांत माठ पाझरायला लागला. तेव्हापासून मला त्यांची थोडी भीतीच वाटे. माणसालाही असंच वाजवून बघत असतील, असं मनात यायचं.

काका मूळ मालवणकडचे, माझ्या सासऱ्यांच्या ओळखीतले. मुलुंडला राहत आणि मोटारींची दुरुस्ती करत. त्यांचा कशावरच विश्वास नसे. चहा गरम आहे असं सांगितलं तरी कपाला बोट लावून बघत. गाडी विकणाऱ्यांवर तर अजिबातच नाही. म्हणत, "विकणारो गोड बोलाक लागलो की दोनदा वाजवन बघूक व्हया."

आम्ही तेव्हा घाटकोपरला राहत होतो. यांचा धंदा विहिरी उपसण्याचा. दोन चाकांच्या सांगाड्यावर इंजिन-पंप बसवलेला होता, तो गाडीमागच्या हुकाला अडकवून मरोळच्या वाड्यांतून न्यायचा, विहीर कोरडी करायची, गाळ काढायचा. गाडी भाड्याची असे आणि ती वेळेवर कधी येत नसे. म्हणून स्वतःची पिकप घ्यायचं ठरलं. ती पाठीवर पाइप आणि माणसं वाहील आणि मागे पंपही ओढील अशी हवी होती. वाटेत असल्फ्याचा चढ. चढावर पंप सुटला तर चाकाला लावायचा दगड घेऊन मागे चालणाऱ्या माणसाचं काय होईल, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन गाड्या बघण्यात होत्या. एक महायुद्धातली अमेरिकन. लढाईच्या गाड्या लिलावात निघून तोवर सहा-सात वर्षं झाली होती. हिचं नाक चेपलेलं, स्टिअरिंग डावीकडे, आणि पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. दुसरी छोटी विलायती. पेट्रोल कमी, सामान कुठेही मिळे. रोजच्या भाजीपाल्याला, पाइप न्यायला झकास. तिसरी कुर्ल्याच्या एका शेठने एक मोठी मोटार कापून, मागे हौदा बसवून तयार केलेली. पोपटासारखी हिरवी, नवी गादी, चकचकीत दिवे. खरं सांगते, मला तीच आवडली होती. यांनाही.

काकांनी प्रत्येक गाडी तीन दिवस मागून घेतली. पहिल्या दिवशी तिला पंप जोडून चढावर न्यायची. दुसऱ्या दिवशी नुसती गल्लीबोळांतून चालवायची, पन्नासदा बंद करून पन्नासदा चालू करायची. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. खाली जुनं वर्तमानपत्र पसरून गाडी उभी ठेवायची आणि शेवटी कागदावर काय गळलं ते बघायचं. तो कागद ते माझ्यापुढे धरत. "काळो डाग तेलाचो. हो पाण्याचो. वाच बघू, तुका वाचूक येता ना?" मी मान खाली घालून हसे.

विलायती चढावर दोनदा उकळली. "पोरगी गुणाची आसा," काका म्हणाले, "पण तिच्या मागे पंप नको लावू." अमेरिकन गाडी न कुरकुरता चढली. हिरवीही चढली. पण काका तिच्याखाली आडवे झाले आणि मागच्या दांड्यांवर ठोकत राहिले. शेठ हसून म्हणाला, "काका, गाडी आहे का मडकं? किती वाजवता?"

काका बाहेर आले, कपडे झटकले आणि यांना म्हणाले, "मागचो दांडो जोडलेलो आसा. आवाज बद्द येता. रंग खंयच्याय लोखंडाक लावक येता. ही घेव नको."

दोनच दिवसांनी मी भाजी घेऊन येत होते. स्टेशनजवळच्या हॉटेलात काका बसलेले दिसले. समोर अमेरिकन गाडीचा मालक. दोघांपुढे चहा. मालकाने टेबलाखालून एक फडक्यात बांधलेलं जड काहीतरी दिलं आणि काकांनी इकडेतिकडे बघत ते पिशवीत टाकलं. म्हणजे म्हणूनच हिरवीला नावं ठेवली!

मी सहसा कशात बोलत नाही. त्या दिवशी बोलले. यांना जेवताना सगळं सांगितलं. हे घास हातात धरून म्हणाले, "नक्की दिलं? तू बघितलंस?"

"डोळ्यांनी बघितलं."

दुसऱ्या दिवशी काका आले, माठ वाजवला. यांनी सरळच विचारलं, "काका, त्या माणसाकडून काय घेतलंत?"

काकांनी हातोडी खिशात टाकली. काहीतरी सांगतील असं वाटलं. मग पाणी न पिताच उठले. "तू विचारलंस तांच पुरे झाला, यशवंता," म्हणाले आणि गेले. मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. उत्तर न देता गेले म्हणजे चोरीच, असं मला वाटलं.

आम्ही हिरवी घेतली. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. दीड महिना ती छान चालली. मग एके दिवशी असल्फ्याच्या चढावर मागचा दांडा जोडावर तुटला आणि हुकासकट पंप मागे सुटला. चाकाला दगड लावायला हे धावले. पंप यांच्या पावलावरून जाऊन खड्ड्यात पडला. दगड घेऊन चालणारे इतर लोक वाचले. यांचं पाऊल मोडलं.

हे खाटेवर पडून होते. अमेरिकन गाडी तोवर मरोळच्या एका दूधवाल्याने नेली होती. हे म्हणाले, "पुन्हा गाडी घ्यायची तर काकांशिवाय नाही. मी जाऊ शकत नाही. तू जा." मी एकटी कधी कुठे गेले नव्हते. तरी गेले.

काकांच्या मुलुंडच्या खोलीत काकी भाकऱ्या थापत होत्या. काका बाहेर गेले होते. मी कसंबसं विचारलं, त्या दिवशी हॉटेलातून काकांनी काय आणलं होतं?

काकी उसळल्याच. "काय हाडतले? त्या अमेरिकन गाडीचो हुक! फडक्यात गुंडाळून! तो माझ्या परातीत घालून वर घासलेट ओतल्यानी. दिवसभर परात अडकली. मग पुसल्यानी आणि वर खडू फासल्यानी. चीर असली तर तेल खडूवर उमटता म्हणे. चीर नव्हती. पण माझ्या भाकरीक चार दिवस घासलेटाचो वास!"

आणि टेबलाखालून कशाला, तेही काकींनी सांगितलं. हॉटेलवाला तेलकट लोखंड टेबलावर ठेवू देत नव्हता, म्हणून.

काका आले तेव्हा मी उठून उभी राहिले. "काका, यांना संशय नव्हता. मी बघितलं, मीच सांगितलं."

काका पायरीवर बसले. रागावले नाहीत. "संशय इलो तेच्यात काय वाईट नाय गो," म्हणाले. "माका सगळ्यांचोच येता. पण मी तपासतंय. तू तपासलंस नाय."

मी रडत होते. डोळे पुसून विचारलं, "याल ना पुन्हा?"

"यशवंताक सांग, पाय बरो झालो की गाडी बघूया. मी बघीन. पण तुमच्या घरात काय आता मी येवचंय नाय."

आणि तसंच झालं. त्यांनी आम्हाला दुसरी गाडी बघून दिली, ती बारा वर्षं चालली. तिच्या कामासाठी ते कितीदा तरी आमच्या गल्लीत आले. रस्त्यावरच उभे राहत. मी चहा यांच्या हाती बाहेर पाठवी. कप रिकामा परत येई.

गावी कायमचे जायला निघाले तेव्हाही रस्त्यावरूनच निरोप घेत होते. मी पदर सावरून सगळ्यांदेखत बाहेर गेले आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमचं दार दहा पावलांवर उघडं होतं. आत या, म्हणायला माझं तोंड उघडलं नाही, आणि त्यांनीही तिकडे पाहिलं नाही.