मामाच्या तीन प्रती

आमच्या गल्लीत सध्या एक बातमी फिरते आहे. इस्त्रीवाला ती गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून सांगतो, "तो कम्प्युटरवाला हो, जिन्याखालचा! एका बाईची आयुष्यभराची कमाई बुडवली आणि रातोरात पसार झाला." केस कापणारा तिला वस्तरा लावून आणखी धार देतो, "रातोरात कसला, दिवसाढवळ्या गेला! मी या डोळ्यांनी पाहिला, हातात बॅग होती."

बॅग होती, तेवढं खरं. बाकीचं दुरुस्त करायला हवं. कम्प्युटरवाला म्हणजे माझा मामा. ती बाई म्हणजे माझी आई, त्याची सख्खी मोठी बहीण. आणि पसार होऊन तो कुठे गेला म्हणाल, तर आमच्याच घरी. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लसूण सोलत असतो. कमाई बुडाली हेही खरंच, फक्त ती पैशांची नव्हती.

मामाचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत पोटं उघडी टाकून पडलेली यंत्रं, वायरींचा गुंता, आणि भिंतीवर त्याच्याच हस्ताक्षरात पाटी: ‘आधी प्रत, मग हात’. स्वतःच्या डोळ्यांनी दोन प्रती पाहिल्याशिवाय तो कुठल्याही मशीनला हात लावत नसे. एके काळी लोक त्याच्याकडे रडत यायचे. "अहो, बाळाचे सगळे फोटो गेले हो!" मामा हार्ड डिस्क कानाला लावायचा, डोळे मिटायचा, आणि जड आवाजात सांगायचा, "टिकटिक करतेय. जीव आहे अजून. परवा या." परवा फोटो परत मिळायचे. माणसं दारातच त्याचे हात धरायची. मामाला त्याचीच चटक लागली होती, असं आई म्हणते.

मग लोकांचं सगळं वर गेलं. वर म्हणजे क्लाउडवर. आता कुणाचा फोन बादलीत पडला तरी कुणी रडत नाही. नवा घ्यायचा, पासवर्ड टाकायचा, की फोटोपासून मावशीच्या फोन नंबरापर्यंत सगळं आपसूक खाली उतरतं. मामाकडे यायचे ते फक्त विसरभोळे.

"काका, पासवर्ड विसरलो."

"मग? माझ्याकडे ठेवायला दिला होतास का?"

एकाने तर टेबलावरची हार्ड डिस्क दोन बोटांत उचलून, च्युइंगम चघळत विचारलं, "हे काय असतं ओ?" मामाने हा किस्सा आमच्याकडे जेवताना रंगवून सांगितला. आम्ही हसलो. तोही हसला, आणि मग बराच वेळ ताटात बोट फिरवत बसला.

क्लाउड म्हणजे काय ते त्याला कळत नव्हतं असं नाही. "ढगबिग काही नसतं गं," तो म्हणायचा. "आपली पेटी दुसऱ्याच्या घरात ठेवायची. आपण गेलो की तो दार उघडतो, आतलं दाखवतो. बास." डोक्याला कळलं होतं. हातांना मात्र जुनीच सवय होती, आणि घात त्या हातांनीच केला.

आई हाडांची चित्रं काढते, डॉक्टरकीच्या पुस्तकांसाठी. सहा वर्षं ती एकाच पुस्तकावर बसली होती: माणसाचा हात. पडद्यावर पेनाने एकेक हाड, पुढून, मागून, आतून. जेवताना ती आमच्या मनगटांकडे अशी बघायची की घास घेताना ओशाळल्यासारखं व्हायचं. पुस्तक प्रकाशकाकडे द्यायचा आठवडा आला आणि कम्प्युटरने हट्ट धरला: जागा भरली आहे, जागा विकत घ्या. आई म्हणाली, "भाऊ असताना जागा भाड्याने कशाला घेऊ?" तिने मामाला फोन लावला.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. कितीतरी महिन्यांनी कुणाला त्याची खरी गरज लागली होती. आधी त्याने आईच्या मोठ्या कम्प्युटरवर चित्रांचं फोल्डर पाहिलं, मग लॅपटॉपवर, मग टॅबवर.

"ताई, मी दोन प्रती मागतो. तुझ्याकडे तीन! तू तर माझ्यावर कडी केलीस."

"मग आता?"

"आता या मोठ्यावरची काढून टाकतो. उरलेल्या दोन आहेतच."

पडद्यावर लांबलचक काहीतरी उमटलं. "काय विचारतंय रे?" आईने चष्मा शोधत विचारलं.

"अगं, सवयच असते त्यांना. खात्री आहे का, नक्की खात्री आहे का. खाष्ट सासूसारखं." त्याने ‘हो’ दाबलं. जागा तरीही भरलेलीच दाखवत होती. शोधता शोधता त्याला आईच्या ऑनलाइन खात्यातली कचऱ्याची टोपली सापडली. "हे बघ! कचरा टाकायचाच राहिलाय." तीही त्याने उपडी केली. जागा मोकळी झाली. आईने चहा केला. मामा दोन कप प्यायला आणि पूर्वीसारखा गडगडाट करून हसला.

दुसऱ्या दिवशी आईने लॅपटॉप उघडला. फोल्डर नव्हतं. टॅबवरही नव्हतं.

मामा धावत आला. धाप लागली होती तरी आवाज डॉक्टरचाच. "घाबरू नकोस, ताई. पुसलेलं असं लगेच पुसलं जात नाही. डिस्कवर असतंच कुठेतरी." जेवायच्या टेबलावर त्याने तिन्ही यंत्रं मांडली आणि मोठ्या कम्प्युटरची डिस्क काढून शोध सुरू केला. हिरवी रेघ गोगलगायीसारखी सरकत होती. आम्ही उभ्यानेच जेवलो. अन् मग नावं वर यायला लागली: ‘मनगट, मागून’. ‘अंगठ्याचं मूळ’. ‘करंगळी, आतून’. आईने टाळी वाजवली.

मामाने पहिलं चित्र उघडलं. कोरं. दुसरं उघडलं. तेही कोरं. त्याने सगळी उघडून पाहिली. मग खुर्चीला टेकून, तो जणू दुसऱ्याच कुणाच्या दुकानातली गोष्ट सांगत असावा तसा हळू आवाजात म्हणाला, "जागा वाचवायला क्लाउडवाल्यांनी चित्रं कधीच वर नेली होती. खाली नुसती नावं ठेवली होती, ताई. तिन्हीकडे. तू उघडलंस की तेवढ्यापुरतं वरून यायचं." एकच वस्तू तीन आरशांत दिसत होती. मामाने तीन मोजल्या, आणि होती ती एक उचलून फेकून दिली.

त्याने डिस्क कानाला लावली. ती नव्या प्रकारची, आत फिरणारं काही नसलेली.

"मामा, ती मुकी असते," मी म्हणाले.

"माहितीये," तो म्हणाला, आणि तशीच धरून बसला.

आईने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू दे रे. होतं." त्या दोन वाक्यांनी मामा जो खचला तो खचलाच. दुकानाला कुलूप लावून, बॅग भरून तो आमच्याकडे आला. बहिणीचं निदान घरकाम तरी करावं म्हणून. भांडी घासली, खिडक्या पुसल्या, लसूण तर इतका सोलला की शेजाऱ्यांना वाटावा लागला. आई दिव्याखाली स्वतःचा डावा हात ठेवून पुन्हा काढायला बसायची. चार रेघा मारायची, खोडायची. "सहा वर्षांपूर्वीची नजर नाही राहिली," एकदा ती म्हणाली, मामाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. त्याला ऐकू गेलं.

चित्रं परत द्या, अशी विनंती आईने क्लाउडच्या कंपनीकडे केली होती. प्रकाशक तेवढ्यासाठी थांबला होता. फोन करायचं काम माझ्याकडे. तिथे माणूस भेटत नाही, एक साखरेत घोळलेली बाई भेटते. जेवताना मी तिचा आवाज काढला, "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. दुःखी असल्यास एक दाबा. अतिशय दुःखी असल्यास पुन्हा एक दाबा." आई खुदकन हसली. मामाही हसतो का ते मी पाहिलं. तो म्हणाला, "ती बाई तरी काय करणार? तिच्याही आत कुणी नाही."

मला रागच आला. "एवढी मोठी कंपनी, मामा! त्यांच्याकडे प्रत असणारच. लाव पैज. चित्रं मिळाली तर उद्याच्या उद्या दुकान उघडायचं."

"आणि नाही मिळाली," मामा म्हणाला, "तर दुकान उघड असं तू मला पुन्हा म्हणायचं नाहीस. कुणाचा आवाज काढूनसुद्धा नाही."

"कबूल."

उत्तर एका दुपारी आईच्या फोनवर आलं. तिने ते आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचलं, "आपण केलेल्या सूचनेनुसार आपली सामग्री कायमची काढून टाकण्यात आली आहे. ती परत मिळू शकत नाही." खाली पाच तारे होते. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, म्हणून. आईने फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने उचलून ती प्रकाशकाशी बोलायला आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आम्हाला फक्त तिचं "हो… हो… साहजिक आहे" एवढंच ऐकू येत होतं.

मामाने हात धुतले आणि जिन्याखालच्या खोलीच्या मालकाला फोन लावला. "नाही, भाड्याचं काही नाही. या महिन्यात खोली मोकळी करतो… हो, नक्की." मग तो माझ्याकडे वळला आणि बघत राहिला. मी काहीतरी म्हणावं, पैज मोडावी, भांडावं, अशी वाट बघतोय असं मला वाटलं. सगळ्या गल्लीचे आवाज माझ्या गळ्यात आहेत. मी पैज हरले होते. मी गप्प बसले.